सही तुमची, थकबाकी त्यांची: घटस्फोटानंतर उरलेल्या कर्जाचं काय करायचं?

वाचकाचं पत्र

मी नाशिकला राहते, वय ४१, एका खासगी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. दोन वर्षांपूर्वी कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीनं आमचा घटस्फोट झाला. फ्लॅट त्यांनी ठेवायचा आणि गृहकर्जाचे उरलेले हप्तेही त्यांनीच भरायचे, असं संमतीच्या अटींत स्पष्ट लिहिलंय. मी मुलीला घेऊन आईकडे आले. माझा हिस्सा सोडण्याचं हक्कसोडपत्र मात्र करायचं राहूनच गेलं. त्यांचं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, त्यांच्या एकट्याच्या नावावर. त्याच्या सीसीला (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलता येणारं बँकेचं कर्ज) मी जामीनदार आहे. मी सही केली तेव्हा मर्यादा ८ लाख होती. एका पतसंस्थेतही त्यांनी माझ्या सह्या घेतल्या होत्या, कशावर ते आता आठवत नाही.

मागच्या महिन्यात वन बीएचकेसाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) ५६२. गृहकर्जाचे पाच हप्ते थकलेले, बाकी २१ लाख. सीसीची बाकी १३ लाख. शिवाय टीव्ही की मोबाइलचं एक छोटं कर्ज, जे मी घेतलेलंच नाही. त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘वर्कशॉप बंद पडलं. मी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकलाय. आता सगळं माफ होईल, तुझंही.’ फ्लॅटला आज ४० लाख तरी येतील असं सोसायटीतले लोक सांगतात. आई म्हणते, दागिने मोड, पीएफ काढ आणि मोकळी हो. कोर्टाचा हुकूमनामा माझ्या हातात आहे, मग हे कर्ज माझ्या डोक्यावर कसं? त्यांचं दिवाळं निघालं तर मी सुटेन की आणखी अडकेन? मुलगी नववीत आहे. तिच्या शिक्षणाच्या वेळी हे सगळं आडवं येईल का, या विचारानं झोप लागत नाही.

– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई,

दिवाळखोरीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ते सुटले तरी ज्या कागदांवर तुमची सही आहे त्यांतून तुम्ही सुटत नाही. उलट ते नादार (दिवाळखोर) ठरले की पगार असलेलं आणि पत्ता सापडणारं माणूस म्हणून बँकेसमोर तुम्ही एकट्याच उरता. ‘तुझंही माफ होईल’ हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं असेल, तरी त्यावर एक दिवसही विसंबून राहू नका.

पण तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यात तुमच्या बाजूच्या तीन गोष्टी सापडल्या. तुम्ही त्या ओघात सांगून गेलात. हक्कसोडपत्र राहून गेलंय. सीसीचे ८ लाख तुमच्या नकळत १३ लाख झालेत. आणि पीएफला तुम्ही अजून हात लावलेला नाही. या तिन्हींवर बरंच काही उभं करता येईल.

आता हुकूमनामा. कोर्टानं ‘हप्ते पतीनं भरावेत’ असं म्हटलं ते तुमच्या दोघांपुरतं. बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती, तिनं कशालाही संमती दिली नव्हती. गृहकर्जाच्या करारावर तुम्ही दोघांनी सह्या केल्यात आणि भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे दोघांनी मिळून दिलेलं वचन बँक दोघांपैकी कोणाकडूनही पुरतं वसूल करू शकते. निम्मंनिम्मं नव्हे, पुरतं. घटस्फोट झाला म्हणून करार बदलत नाही. यात तुमचं काही चुकलं असं अजिबात समजू नका. हुकूमनामा होताना ‘बँकेकडून सहकर्जदाराचं नाव काढून घेतल्याचं पत्र आणा’ असं सांगणारं सहसा कोणी नसतं, आणि वर्षानुवर्षं बायका त्या एका कागदापायी भरडल्या जातात. मला याचा मनापासून राग येतो.

तरीही हुकूमनामा निरुपयोगी नाही. तो बँकेवर चालत नाही, पण त्यांच्यावर चालतो. अटी मोडल्या म्हणून त्याच कौटुंबिक न्यायालयात तुम्हाला दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज) लावता येते. त्यांच्या वाटचा जो रुपया तुम्ही भराल तो त्यांच्याकडून मागण्याचा हक्कही तुमचाच. आज त्यांच्याकडे द्यायला काही नसेल. तरी दरखास्त लावलेली असणं पुढे उपयोगी पडतं. ते कसं, ते नादारीच्या अर्जाबद्दल बोलताना सांगते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. जिथे तुमची सही नाही, तिथे तुमची जबाबदारी नाही. केवळ तुम्ही त्यांच्या पत्नी होतात म्हणून त्यांचं वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, पत्र्याच्या आणि लोखंडाच्या व्यापाऱ्यांची उधारी, मित्रांकडून घेतलेले हातउसने पैसे, यातलं काहीही तुमच्यावर येत नाही. उद्या कोणी दारात येऊन ‘वहिनी, साहेबांचं काय ते बघा’ म्हणालं, तर ‘माझी सही असलेला कागद दाखवा’ एवढंच म्हणा. सिबिलही पॅनवर चालतं, कुटुंबावर नाही. तुमचा अहवाल तुमचा, त्यांचा त्यांचा. दोघांचा जोड होतो तो फक्त सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून जिथे तुमचं नाव आहे तिथेच.

म्हणून पहिलं काम म्हणजे अहवाल तुमच्या स्वतःच्या हातात हवा. बँकेतल्या बाईंच्या स्क्रीनवर दिसला तेवढ्यावर भागणार नाही. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा. एकीत असलेलं दुसरीत नसतं असं बऱ्याचदा होतं. प्रत्येक कर्जासमोर तुमचं नातं काय लिहिलंय ते पाहा: एकटीचं, संयुक्त, की जामीनदार. मग महिन्यांची पट्टी दिसेल. तिच्यात हप्ता किती दिवस उशिरा आला त्याचे आकडे असतात. शून्यांची ओळ चालत चालत कोणत्या महिन्यात ३०, ६०, ९० झाली ते लिहून घ्या. तो महिना घटस्फोटानंतरचा असेल, तर तुमची नवी बँक किंवा कौटुंबिक न्यायालय, दोन्हीकडे सांगायला तो तुमचा मुद्दा आहे.

एक गोष्ट आजच करा. दोन्ही बँकांना लेखी अर्ज देऊन तुमचा आजचा पत्ता, मोबाइल आणि ईमेल नोंदवा, पोच घ्या. हप्ता थकल्याची नोंद सिबिलला जाताना बँकेनं ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलनं कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुम्हाला पाच महिने काही कळलं नाही, याचा अर्थ नोटिसा बहुतेक त्याच फ्लॅटच्या दारात पडतायत, नाहीतर त्यांच्या नंबरवर जातायत.

फ्लॅट

पाच हप्ते थकले म्हणजे ९० दिवस उलटून गेले, खातं एनपीए (थकीत कर्ज) झालं. तारण मालमत्ता विकून कर्ज वसूल करायचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस आली असेल किंवा येईल. तिच्यात ६० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता आणि बँकेनं १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ६० दिवसांनंतर ताबा आणि लिलाव. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात.

पण तुमच्यासाठी भांडणाची वाट मला योग्य वाटत नाही. आकडे पाहा: देणं २१ लाख, त्यावर व्याज आणि दंड धरा, फ्लॅट ४० लाखांचा. लिलावात घर गेलं तर भाव पडतो आणि तुमच्या अहवालात वाईट नोंद उरते. तेच घर बाजारभावानं विकलं तर कर्ज पूर्ण फिटतं, नोंद ‘बंद’ अशी होते, वर पैसे उरतात. सिबिलच्या दृष्टीनं ‘बंद’ आणि ‘सेटल्ड’ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. बँकेनं तडजोडीत काही रक्कम सोडली की ‘सेटल्ड’ लिहिलं जातं आणि पुढचा प्रत्येक अधिकारी त्या शब्दावर बोट ठेवतो.

इथे हक्कसोडपत्र न झाल्याचा उपयोग होतो. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला फ्लॅटच्या दस्ताचा उतारा) काढून पाहा. तुमचं नाव असेल तर तुम्ही अजून कागदावर सहमालक आहात आणि तुमच्या सहीशिवाय फ्लॅट सहजासहजी विकला जाणार नाही. हुकूमनाम्याप्रमाणे हिस्सा सोडायचं तुम्ही कबूल केलंय हे खरं, पण हप्ते भरायचं त्यांनीही कबूल केलं होतं. बँक तुम्हाला सहकर्जदार म्हणून मोकळं करत नाही तोवर हक्कसोडपत्रावर सही करू नका. कोणी कितीही घाई करो, वकिलांना विचारल्याशिवाय कशावरच नको. हिस्सा सोडला आणि कर्ज राहिलं, यापेक्षा वाईट अवस्था नाही.

तेव्हा बँकेच्या शाखेत नव्हे, वसुली विभागात भेटीची वेळ घ्या. सोबत हुकूमनाम्याची प्रत, इंडेक्स टू आणि एक साधं पत्र न्या: ‘सहकर्जदार म्हणून मला खात्याचा पूर्ण उतारा द्यावा. फ्लॅट विकून कर्ज पूर्ण फेडण्याची माझी तयारी आहे, त्यासाठी बँकेची लेखी परवानगी आणि मुदत मिळावी.’ १३(२) ची नोटीस निघाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही, म्हणून परवानगीचा कागद महत्त्वाचा. पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. त्यानंतर दार बंद. वसुली विभागातल्या माणसांनाही लिलावापेक्षा असा सौदा परवडतो. तुम्ही प्रस्ताव घेऊन गेलात तर बहुतेक वेळा ऐकून घेतात.

विक्रीला त्यांचीही सही लागेल. आज ते देऊ शकतात. कोर्टानं त्यांना नादार ठरवलं की त्यांची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती जाते आणि मग त्यांच्या हिश्श्यासाठी रिसीव्हरला विचारावं लागेल. म्हणून या कामाला दिवस लावू नका. अर्ज आधीच दाखल असल्यामुळे विक्री त्या कोर्टाच्या नजरेआड होऊ नये, हे वकिलांकडून तपासून घ्या. व्यवहार उघड, बाजारभावानं आणि पैसे थेट बँकेत, असाच हवा. कर्ज फिटल्यावर बँकेनं ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. नो ड्यूज दाखला तुमच्याही नावानं मागून घ्या. उरलेल्या पैशांत तुमचा वाटा किती, ते हुकूमनाम्यातल्या भाषेवर ठरेल. ते भांडण नंतर होऊ शकतं, कर्ज आधी संपू द्या.

सीसी

जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम १२८ तेच सांगतं. ‘आधी त्यांच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं बँकेला सांगता येत नाही. पण कलम १३३ तुमच्या कामाचं आहे. जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार मोकळा होतो. तुम्ही सही केलीत ती ८ लाखांवर. मग १३ कसे झाले? दोन शक्यता आहेत. एक म्हणजे थकलेलं व्याज साठत गेलं. ते असेल तर ते तुमच्याही वाट्याला येतं. दुसरी म्हणजे बँकेनं मर्यादा वाढवली किंवा मर्यादेपलीकडे पैसे उचलू दिले. ते तुम्हाला न विचारता झालं असेल, तर त्या वरच्या रकमेसाठी तुम्ही ठामपणे नाही म्हणू शकता. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भाग्यलक्ष्मी सहकारी बँकेच्या प्रकरणात नेमकं हेच म्हटलं: सीसीची मर्यादा ४ लाख होती, कर्जदाराला त्याहून जास्त उचलू दिलं, जामीनदारांवर ४ लाखांचीच जबाबदारी राहिली, वरची नाही.

म्हणून बँकेकडून तीन कागद मागा: मूळ मंजुरीपत्र, तुमचं जामीनपत्र आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा. मर्यादा वाढवली असेल तर त्या वेळच्या कागदांवर तुमची सही आहे का ते दाखवा म्हणावं. जामीनपत्रात ‘बँकेनं अटी बदलल्या तरी माझी हरकत नाही’ असं बारीक अक्षरात असू शकतं. तसं असलं तर वकिलाचं काम अवघड होतं, पण संपत नाही. त्याचबरोबर कलम १३० खाली एक नोटीस पाठवा की ‘यापुढच्या कोणत्याही व्यवहारासाठी माझा जामीन मी मागे घेत आहे.’ जे देणं झालंय ते यानं जात नाही, पुढची वाढ थांबते. दोन वर्षांपूर्वी हे पत्र गेलं असतं तर बरं झालं असतं, आज गेलं तरी चालेल.

सीसी सहकारी बँकेची असेल तर त्यात एक धोका आहे, तो शहरातल्या वकिलांनाही कधीकधी उशिरा सुचतो. बँक आपल्या राज्यातली असेल तर ती महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडे जाते आणि थेट वसुली दाखला मिळवते. लोक त्याला ‘१०१ चा दाखला’ म्हणतात. त्याची सुनावणी असते, नोटीस येते, आणि माणसं ‘तारीख पडेल’ म्हणून जात नाहीत. ती चूक करू नका. ८ आणि १३ लाखांचा मुद्दा तिथे, लेखी, पहिल्याच तारखेला मांडायचा. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायला वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. ६-७ लाख भरून भांडायला कोणाकडे असतात? बँक बहुराज्यीय असेल तर प्रकरण लवादाकडे जातं, तिथेही गैरहजर राहू नका.

पतसंस्थेचंही हेच. पतसंस्थांची कर्जं सिबिलच्या अहवालात बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे तिथे काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. स्वतः जाऊन मॅनेजरना भेटा, ‘माझ्या नावावर सभासद, कर्जदार किंवा जामीनदार म्हणून काय आहे ते लेखी द्या’ असा अर्ज करा. तुमच्या सहीचे कोरे चेक तिथे किंवा बँकेत दिले होते का, आठवून पाहा. चेक वटला नाही तर नोटीस येते आणि पैसे भरायला फक्त १५ दिवस मिळतात. ते गेले तर फौजदारी तक्रार होऊ शकते. अशी नोटीस आली की त्याच आठवड्यात वकील गाठा. पगारातून कपात करायला संमती दिल्याचा कागद पतसंस्थेनं तुमच्याकडून घेतला असेल, तर तोही शोधा. तो थेट तुमच्या रुग्णालयाच्या ऑफिसात पोचतो.

त्यांचा दिवाळखोरीचा अर्ज

वर्कशॉप त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं, म्हणजे कंपनी नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग अजून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झालाय, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. बाकी सगळ्यांसाठी जुने इंग्रजी अमदानीतले कायदेच चालतात: मुंबई शहरात १९०९ चा, नाशिकसारख्या ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, जिल्हा न्यायालयात. त्या १९२० च्या कायद्यातच लिहिलंय की नादाराची मुक्तता झाली तरी त्याच्याबरोबर संयुक्तपणे बांधलेला माणूस किंवा त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपासून कायद्यात पडलेलं आहे. कोर्टानं दिलेलं संरक्षणही त्यांना मिळेल, तुम्हाला नाही. घर तारण असलेली बँक तर तो अर्ज चालू असतानाही आपलं तारण विकू शकते.

मग तुम्ही काय करायचं? त्या अर्जात हजर व्हायचं. हुकूमनाम्याप्रमाणे ते तुम्हाला देणं लागतात, आणि जामीनदार म्हणून तुम्ही भराल ते पैसेही करार कायद्याप्रमाणे त्यांनी तुम्हाला द्यायचे आहेत. धनकोंच्या (ज्यांचं त्यांच्याकडून येणं आहे त्यांच्या) यादीत तुमचं नाव नसेल तर वकिलामार्फत घालून घ्या, तुमचा दावा नोंदवा. दरखास्त लावा म्हटलं ते यासाठी. तिथे तुमचं येणं कागदावर दिसतं. हाती फार पडेल असं मी सांगणार नाही. पण त्यांची मालमत्ता काय, कोणाला काय दिलं, वर्कशॉपची यंत्रं कुठे गेली, हे सगळं तिथे शपथेवर येतं आणि ते तुम्हाला कळायला हवं. मुलीच्या पोटगीचा आदेश असेल तर तोही वकिलांना दाखवा. फौजदारी प्रक्रिया संहितेखालच्या पोटगीचं देणं या कायद्यातली मुक्तता पुसून टाकत नाही.

ज्या वाचकांच्या माजी पतीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती आणि त्यांनी तिला वैयक्तिक जामीन दिलाय, त्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त तातडीची आहे. बँक त्यांना थेट राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात ओढू शकते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की कंपनीची कर्ज मिटवण्याची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही.

दागिने आणि पीएफ

आईंची काळजी मी समजू शकते. त्यांना तुम्ही रात्री झोपलेल्या हव्या आहात. पण पीएफ काढू नका. कायद्यानं पीएफला जप्तीपासून संरक्षण दिलंय, कोणतीही बँक कोर्टाच्या आदेशानंसुद्धा त्याला हात लावू शकत नाही, पीपीएफचंही तसंच. ते पैसे काढून बचत खात्यात ठेवले की ते संरक्षण गेलं. जे कोणी तुमच्याकडून हिसकावू शकत नाही ते स्वतःच्या हातानं देऊन टाकायचं, तेही २१ लाखांच्या अशा कर्जासाठी ज्याला ४० लाखांचं घर तारण आहे? दागिनेही आज मोडायचे नाहीत. फ्लॅट विकला गेला आणि सीसीचा आकडा ८ लाखांच्या आसपास ठरला, तर तेव्हा बसून ठरवू. पगार खातं कर्ज देणाऱ्याच बँकेत असेल तर ते दुसऱ्या बँकेत हलवा. आपल्याकडच्या ठेवीतून येणं वळतं करून घ्यायचा बँकेला हक्क असतो.

रिकव्हरीवाल्यांचे फोन येतील. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नाही, आईला किंवा तुमच्या कामाच्या ठिकाणी बदनामी होईल असं काही बोलायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आता ते टीव्ही-मोबाइलचं कर्ज. ते तुम्ही घेतलं नसेल तर गप्प बसू नका. सिबिलकडे आणि त्या वित्तसंस्थेकडे, दोन्हीकडे हरकत नोंदवा आणि सहीचे कागद किंवा ओटीपी कोणत्या नंबरवर गेला ते मागा. ३० दिवसांत निवाडा झाला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई तुमच्या खात्यात यायला हवी. एप्रिल २०२४ पासून तसा नियम आहे. तुमच्या पॅनवर त्यांनी परस्पर घेतलं असेल तर पोलिसांत तक्रार करायची की नाही हा निर्णय तुमचा, मुलीच्या वडिलांविरुद्ध जाणं सोपं नसतं हे मला कळतं. पण निदान हरकत नोंदवा. आणि ‘दहा हजारांत सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांना दारात उभं करू नका. चुकीची नोंद दुरुस्त होते, ती तुम्ही फुकटात करू शकता. खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही. अशी माहिती किमान ७ वर्षं ठेवली जाते.

वन बीएचकेचा विचार सध्या बाजूला ठेवा. आत्ता चार बँकांत अर्ज केलेत तर चार चौकशा अहवालात पडतील आणि चार नकार. गृहकर्ज ‘बंद’ झालं, सीसीचा वाद मिटला, की ठेवीवर मिळणारं एखादं क्रेडिट कार्ड घ्या, थोडं वापरा, दर महिन्याला पूर्ण भरा. बँका आता महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवतात, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. मुलगी नववीत आहे म्हणता. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो, तेव्हा बँक तुमचा अहवाल पाहील हे खरं, पण त्याला अजून तीनेक वर्षं आहेत आणि फ्लॅटचा सौदा या वर्षी झाला तर तोवर पट्टीत बऱ्याच महिन्यांची शून्यं उमटलेली असतील.

खासगी वकिलाचा खर्च जड वाटत असेल तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जाताना हुकूमनामा, चारही अहवाल, इंडेक्स टू आणि त्यांच्या नादारी अर्जाचा क्रमांक सोबत ठेवा. सीसीच्या जामीनपत्राची प्रत मिळाली की तिच्यावरची रक्कम आणि तारीख मला कळवा, पुढचं त्यावर बोलू.